घडी मोडण्याआधी

"आई, नऊवारी शिवूनच घेऊ का गं?" लेकीने फोनवर विचारलं, आणि तिचं पुढचं बोलणं मी अर्धवटच ऐकलं. लग्न मार्गशीर्षात आहे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, बस्ता कुठे बांधायचा यावर दोन्ही घरांत बोलणी झाली. शालू सासरकडून येणार, गौरीहराची पिवळी साडी मामा आणणार. या गोष्टी कुणाला ठरवाव्या लागत नाहीत. ठरवायचं राहिलं होतं ते एवढंच, की सप्तपदीला नऊवारी पैठणी नेसायची ही जी तिची लहानपणापासूनची हौस, ती पुरी कशी करायची.

"शिवून" हा शब्द मात्र दिवसभर डोक्यातून जाईना.

आपल्या भाषेत अंगावर कापड घेण्याला एक क्रियापद पुरत नाही. सदरा आपण घालतो. शाल पांघरतो. फेटा बांधतो. धोतर, सोवळं, साडी, लुगडं मात्र नेसतो. चोळी घालायची आणि लुगडं नेसायचं, यात कुणा अडाणी बाईचीही कधी चूक झालेली मी ऐकली नाही. ज्याला सुई लागली ते घालायचं, ज्याला नाही ते नेसायचं, असा काहीसा हिशोब आपल्या जिभेला आपोआप कळतो. आणि त्यातलंच एक फार गोड रूप आहे, नेसवणं. नवरीला साडी नेसवतात, गौरींना नेसवतात, छोट्या मुलीला हौसेने नेसवतात. नेसवायला दुसरं माणूस लागतं. मग शिवलेल्या नऊवारीला काय म्हणायचं? लेक सहज म्हणाली होती, "दोन मिनिटांत घालता येते." ती बरोबरच बोलली होती. ती घालायचीच गोष्ट आहे.

तरी मी तिच्याबरोबर गेले. नऊवारी शिवण्यात इथे जिचं नाव आहे त्या बाईंकडे आम्ही एका शनिवारी बसलो होतो. बाई हुशार, बोलायला नेमक्या. त्यांनी लेकीचं कमरेचं, उंचीचं, घोट्यापर्यंतचं माप घेतलं आणि टेबलावर एक आधीची साडी पसरून दाखवली. साडीचे तुकडे होतात. दोन पायांचे दोन भाग सलवारीसारखे बेतायचे, पुढच्या निऱ्या मोजून, चुण्या पाडून कमरपट्टीला शिवून टाकायच्या, मागे कासोट्याची पट्टी काठ दिसेल अशी बसवायची, पदर वेगळा काढून कमरेपासून वर न्यायचा. बाजूला चेन, आत नाडी. एकदा शिवली की निरी सुटत नाही, कासोटा ढळत नाही, बाई दिवसभर नाचली तरी चिंता नाही. "प्रत्येक निरीला काठ बरोबर समोर येतो बघा," त्या म्हणाल्या. खरंच येत होता. हातात खडू घेऊन त्यांनी कापडावर जी रेघ मारली, तिच्यात तीस वर्षांचा सराव दिसत होता.

या सोयीला मी नावं ठेवणार नाही. मुली आता नोकऱ्या करतात, सहावारीसुद्धा वर्षातून चारदा नेसतात. लग्नाच्या दिवशी पहाटे चारला उठून नऊ वार कापड कुणाकडून तरी गुंडाळून घ्यायचं, मग दिवसभर कुठे सुटेल याच्या धास्तीत बसायचं, हे का सोसावं? माझ्या पुतणीने तिच्या लग्नात शिवलेलीच घातली होती. होमाशी बसताना, उठताना, मोठ्यांच्या पाया पडताना ती इतकी मोकळी होती, की तिच्याकडे बघून मला बरं वाटलं होतं. फक्त दोन वर्षांनी, बाळाच्या बारशाला, तिने तीच काढली आणि कमरेला चार बोटं कमी पडली. धाकटीला द्यावी, तर धाकटी वीतभर उंच. ती आता कपाटात हँगरला आहे. ती साडी एका मुलीच्या एका वर्षाच्या मापाची झाली.

त्या दिवशी बाईंकडून उठताना मी म्हटलं, "आमच्याकडे एक जुनी आहे. पण तिला कात्री नाही लावायची." माझ्या आवाजात जरा जास्तच ठामपणा होता. लेक काही बोलली नाही.

ती जुनी म्हणजे माझ्या आईच्या लग्नातली पैठणी. १९६१ ची. आजोबांनी येवल्याहून विणून आणवलेली. लाल ताणा आणि जांभळा बाणा, त्यामुळे हलवली की वांग्याच्या सालीसारखी रंग बदलते, एका अंगाने जांभळी, दुसऱ्या अंगाने रक्तवर्णी. काठ नारळी. पदरावर असावलीची वेल आणि वेलीच्या दोन्ही कडांना मुनिया, छोट्या, हिरव्या, चोची लाल. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि मी ती मऊ धोतराच्या फडक्यात बांधून ठेवली. दर दिवाळीनंतर घडी बदलायची, डांबराची गोळी जवळ ठेवायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही, हे आईने सांगितलेलं मी करत आले. पण मधली पाचसहा वर्षं राहून गेलं.

त्या रात्री आम्ही दोघींनी पलंगावर स्वच्छ चादर घातली आणि ती उलगडली. रेशीम जुनं झालं की फाटत नाही, तडकतं. घडीच्या रेघेवर बारीक उभ्या भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंचं कापड अजून चांगलं, चमकदार, हाताला गार. एका भेगेत आडवे धागे तसेच टिकून होते आणि उभे मात्र नाहीसे झालेले. वीणेच्या तारांसारखे ते जांभळे धागे नुसते ताणलेले होते. काठाची जर काळवंडली होती. खरी जर म्हणजे चांदीची तार, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की चांदी हवेने काळी पडते. पण लेकीने अंगठा फिरवला तिथे आतून एक मंद पिवळा उजेड आला. "आजी हे नेसून उभी होती," ती म्हणाली. पुन्हा ते क्रियापद. ती "घालून" म्हणाली नव्हती.

अशा वस्त्रांचं पुढे काय व्हायचं ते मी लहानपणी पाहिलं आहे. बोहारीण यायची ती साध्या कपड्यांसाठी. भरजरी असेल तर दुसरी माणसं यायची, ती वजनावर घ्यायची आणि नंतर जाळून चांदी काढायची. शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंची अशी दिली आणि त्या पैशांत बादली-तांब्या आणला. गरज होती. पण राखेतून चांदी उचलताना मुनिया कुठे गेल्या असतील, हे तेव्हाही माझ्या मनात आलं होतं.

आता लेकीसमोर तीन वाटा होत्या. जुनी कापून शिवायची. जुनी रफू करून, मागून आधार देऊन कशीबशी नेसायची. किंवा नवी विणून घ्यायची. तिसरीसाठी वेळ लागतो, म्हणून येवल्याला जाऊन विचारावं असं ठरलं. जुनी बरोबर घेतली, रंग दाखवायला.

नाशिकहून येवला ८० किलोमीटरच्या आसपास. निफाडच्या द्राक्षबागा मागे पडतात, विंचूर येतं, मग माळरान मोकळं होतं. पैठणीचं नाव पैठणचं, सातवाहनांच्या त्या राजधानीचं. आमच्या नाशिकवरून वाहणारी गोदावरीच पुढे पैठणला जाते. माग मात्र आज येवल्यात जास्त वाजतात. मोठ्या दुकानांवरून पुढे गेलं की गल्ल्यांमध्ये घरं आहेत आणि घरांत माग. आम्हाला ज्यांचं नाव कुणी सांगितलं होतं, त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत दोन खड्डामाग होते. विणणारा खड्ड्यात पाय सोडून जमिनीच्या पातळीवर बसतो, पायाने पावडी दाबतो. एका मागावर त्यांचा मुलगा बसला होता, दुसऱ्यावर सून. सून पदर विणत होती.

तिच्यासमोर मी किती वेळ उकिडवी बसले, मला कळलं नाही. पैठणीच्या अंगाला तीन धोटे लागतात. दोन्ही काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकवून परत फिरतात. पदराला मात्र धोटा पुरत नाही. प्रत्येक रंगाची आपली वेगळी छोटी कांडी. मुनियेच्या पोटाला हिरवी, चोचीला लाल, मागच्या भूमीला जरीची. तिने डाव्या हाताने उभे धागे मोजले, पाच उचलले, हिरवा त्यांच्याखालून नेला, शेजारच्या जरीत अडकवला, सोडला. मग तीन उचलले, लाल नेला. एक ओळ पुरी व्हायला अशा कितीतरी कांड्या हातात येऊन गेल्या, मग फणीचा ठोका पडला. पुन्हा मोजणी. तिच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता. एका पक्ष्याचा डोळा म्हणजे दोन धागे. तो चुकला तर पक्षी आंधळा, असं ती मला नंतर म्हणाली, आणि तो उसवून परत भरायला अर्धा दिवस.

असा प्रत्येक रंग आपल्या जागेपुरताच जातो आणि शेजाऱ्याला धरून परत येतो, म्हणून अस्सल पैठणीची मागची बाजू पुढच्यासारखीच असते. यंत्रमागावरच्या नकलेत रंगाचे धागे मागून मोकळे धावतात किंवा कापून टाकलेले दिसतात. घरच्या कर्त्या पुरुषाने हे आम्हाला दोन पदर शेजारी ठेवून दाखवलं. "पुढून कोणीही फसेल, ताई. उलटून बघायचं." मग वहीत लिहू लागले. नऊवारी? हो, ताणाच तसा लावू. अंगाला फार वेळ नाही, वेळ खातो तो पदर. मोठा घेतला तर वर्षसुद्धा. लहान असावलीचा घेतला तर तुमच्या मुहूर्तापर्यंत होईल. जर खरी की टेस्टेड? खरी महाग पडते. टेस्टेड म्हणजे आत तांबं. दिसायला आज फरक नाही, पन्नास वर्षांनी असेल. रेशीम बेंगळुरूचं, जर सुरतेची. रंग?

लेकीने पिशवीतून आजीची काढली. त्यांनी हात धोतराला पुसले आणि ती दोन्ही हातांवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. आधी पदर उलटून पाहिला. मग वारावर वार मोजत, कोपरापासून बोटांपर्यंत सरकवत ते मध्यावर आले आणि थांबले. अंगठा काठावरून पुढेमागे फिरवला.

"हिला दंड घातलाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आई आयुष्यभर हिच्याबद्दल इतक्या जपून बोलायची. त्यांनी ती जागा उजेडाकडे धरली. खरंच होतं. अंगभर आडवी एक शिवण. टाके इतके बारीक, की ते धाग्यांतलेच वाटावेत. जिथे काठ येऊन मिळतो तिथे नारळाच्या टोकाला टोक, अगदी समोरासमोर. दोन तुकडे जोडताना काठाची नक्षी जुळेल अशाच ठिकाणी कापलं होतं. मी ही साडी शंभरदा उघडली, घडी बदलली, मला ती शिवण कधी दिसली नव्हती.

"कासोट्याची जागा आहे ही," ते म्हणाले. "चालताना, बसताना इथंच आधी विरतं. विरलेलं काढलं आणि दंड घातला. साडेआठ वार भरते बघा. अर्धा वार काढलाय. ज्यांनी केलंय त्यांचा हात चांगला."

हात आईचाच. ते टाके मी ओळखते, माझ्या फ्रॉकांच्या दुमडींवर तेच होते. आणि काढलेला अर्धा वार कुठे गेला हेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या खाली जांभळ्या रेशमाचं एक चौकोनी आसन आहे, चार पदरी, कडा दुमडून घातलेलं. माहेराहून निघताना आईने बाळकृष्णाबरोबर दिलं होतं. त्याची मी रोज धूळ झटकते.

साधी सुती लुगडी विरली की दंड घालायचे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मधलं विरलेलं काढून चांगली टोकं जोडायची आणि लुगडं आणखी दोन वर्षं काढायचं. ती जोडलेली रेघ बायका निऱ्यांच्या आत लपवत. नवऱ्याला, पाहुण्यांना दिसू द्यायची नाही. पण पैठणीला दंड? म्हणजे आईने ही मिरवायला ठेवलेली नव्हती. ती नेसली होती, विरेपर्यंत नेसली होती. हळदीकुंकवाला, माझ्या आत्यांच्या लग्नांना, भावाच्या मुंजीला. आणि विरली तेव्हा कात्री घेऊन बसली. माझा तो शनिवारचा ठामपणा मला आठवला. कात्री नाही लावायची म्हणे. जिची साडी, तिनेच लावली होती.

गाडीत परतताना लेक म्हणाली, "म्हणजे आजीने ती कापली, पण नंतर पुन्हा नेसता यावी म्हणून."

मी मान हलवली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. मला वाटतं, फरक तेवढाच आहे. आईच्या शिवणीने ती साडी पुन्हा कुणाच्याही मापाची झाली, माझ्या, माझ्या वहिनीच्या, कुणाच्याही. शिवलेली नऊवारी मला खटकते ती कात्रीमुळे नव्हे. खटकते, कारण त्यात निरीची जागा एकदाच ठरते आणि पुढे कुणाला ती मागे-पुढे करता येत नाही. बाई जाड होते, बारीक होते, पोटुशी होते, म्हातारी होऊन खांद्यात वाकते. नऊ वार कापड त्या सगळ्यांना पुरतं. जास्त लागलं की निऱ्या कमी पडतात, कमी लागलं की वाढतात. ते दर वेळी अंगावरच बेतलं जातं.

नवी मागावर चढली आहे. जुन्याच रंगाची, लाल ताणा, जांभळा बाणा, लहान असावली, जर खरी. त्यासाठी लेकीने पदराची उंची कमी केली आणि मी माझ्या एका बांगडीचा विचार बदलला. विणकरांचा मुलगा अधूनमधून फोटो पाठवतो. काल आला त्यात पदर चार बोटं झालेला आहे, वेलीचा बुंधा आणि एक मुनिया, अर्धी. डोळा झालाय.

आणि चोळी जुन्या पैठणीचीच. हे लेकीनेच सुचवलं. आम्ही पुन्हा त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी ती पैठणी टेबलावर पसरली आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत. दंडाच्या शेजारचा तुकडा दोन भेगांच्या मध्ये सलग निघतो, मागून अस्तर लावलं तर दिवसभर टिकेल, असं त्यांनी मोजून सांगितलं. बाह्यांना काठ येईल. खडूची रेघ मारली, मग कात्री उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावा." रेशीम कापलं जाताना आवाज होतो, कोरड्या पानावरून पाय गेल्यासारखा. चोळी घालायचीच असते. ती मापाचीच हवी. उरलेलं वस्त्र पदरासकट आता माझ्या कपाटात आहे, पुन्हा धोतराच्या फडक्यात, आणि घडी मी दर महिन्याला बदलते.

राहिलं नेसणं. लेकीची एकच अट आहे, कुणी तरी येऊन नेसवून जाईल असं नको, माझी मला नेसता आली पाहिजे. म्हणून दर रविवारी ती पुण्याहून येते आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ७८, तिला शिकवतात. सरावाला त्यांचंच एक जुनं सुती लुगडं. कमरेभोवती घट्ट वेढा, पोटाशी गाठ. ही गाठ हेच मूळ, ती बसली तर बाकीचं बसतं. पदर डाव्या खांद्यावर. मधलं कापड निऱ्यांत गोळा. मग मधला भाग पायांतून मागे, चुण्या करून पाठीशी कासोटा. पहिल्या रविवारी ती जिना उतरताना सगळं खाली आलं. दुसऱ्या रविवारी गाठ टिकली, कासोटा सुटला. जाऊबाई बाजेवर बसून सांगतात, "अगं, ओढ. कापडाला लागत नाही. ओढून बसव." त्यांना आता वाकता येत नाही, पण हात हवेत त्याच वळणाने फिरतात. नव्या पैठणीची घडी त्यांनीच मोडायची असं लेकीने परवा जाहीर केलं. नवरीच्या आधी त्यांनी खांद्यावर घ्यायची. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच निऱ्यांतली चूक काढली.

आज चौथा रविवार. गाठ बसली आहे. ती खोलीच्या मधोमध उभी आहे, ओठांत टाचणी, दोन्ही हातांत निऱ्या धरलेल्या. मोजते आहे, त्या सुनेसारखेच ओठ हलतायत. पाच, सहा, सात. उरलेलं कापड फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलं आहे.

"आई," टाचणी न काढताच ती म्हणते, "हे टोक धर."